फ्रान्समधला शातो गायार हा किल्ला इतका भक्कम असूनही कसा पडला?

दगडामुळे नाही, माणसांमुळे.

इंग्लंडचा राजा रिचर्ड (सिंहहृदयी) हाच नॉर्मंडीचाही (आजच्या उत्तर फ्रान्समधला प्रांत) ड्यूक. सेन नदीकाठी लेझांदली गावावरच्या चुनखडीच्या कड्यावर त्याने हा किल्ला ११९६ ते ११९८ अशा जेमतेम दोन वर्षांत उभा केला. आतली तटबंदी मुद्दाम बघा. सपाट भिंत नाहीच, अर्धगोल फुगवटे एकाला एक चिकटून उभे आहेत. अशा गोलाव्यावर दगडगोळा आदळला की घसरतो आणि तटाखाली लपायला जागाही कमी उरते. त्या काळात हे फार पुढचं डोकं होतं.

रिचर्ड ११९९ मध्ये गेला, राज्य भाऊ जॉनकडे आलं. फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याने १२०३ मध्ये वेढा घातला. गावातले शेकडो लोक किल्ल्यात शिरले होते. धान्य पुरेना म्हणून त्यांना बाहेर काढलं, पण पहिले काही गट सोडल्यावर फ्रेंचांनी पुढच्यांना वाट दिली नाही. ऐन हिवाळ्यात त्यातली बरीच माणसं दोन्ही फौजांच्या मध्ये उपाशी मेली. या किल्ल्याबद्दल बोलताना आधी हे आठवावं, असं मला वाटतं.

मधला कोट पडला तो जॉनने बांधलेल्या इमारतीच्या खिडकीतून काही सैनिक आत घुसल्यामुळे. आतल्या दरवाजापुढच्या खंदकावर कातळाचाच पूल राखला होता. त्याच्याच आडोशाने फ्रेंचांच्या भुयार खणणाऱ्यांनी भिंत पोखरली. मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला आणि त्याच वर्षी जॉनच्या हातून नॉर्मंडीही गेली.

आज दिसणारे भग्नावशेष मात्र या वेढ्याचे नाहीत. १५९९ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने किल्ला पाडायची परवानगी दिली, त्यानंतरचे आहेत.