महागाईत घर घेणं फायद्याचं म्हणतात, मग व्याजदर वाढल्यावर काय होतं?

तुम्ही विचारलंय की महागाईत घरांच्या किमती वाढतात म्हणतात, पण त्याच महागाईमुळे व्याजदर वाढले तर किमती पडायला नकोत का, आणि अशा वेळी कर्ज काढून भाड्याने द्यायला दुसरं घर घ्यावं का.

आधी कर्ज फिक्स्ड (व्याजदर ठरलेला) आहे की फ्लोटिंग (व्याजदर वर-खाली होणारा) ते बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. फिक्स्ड असेल तर महागाई कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने असते, हप्ता तेवढाच राहतो आणि पगार, भाडं वाढत जातं, म्हणून दहा वर्षांनी तोच हप्ता किरकोळ वाटायला लागतो (पगार खरंच वाढला तर, हे लोक सोयीस्करपणे विसरतात).

फ्लोटिंगमध्ये काय होतं ते आकड्यात बघा. 7 टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज, तर लाखामागे हप्ता साधारण 775. दर 9 झाला की तो 900 च्या आसपास जातो. आता बँक म्हणते हप्ता नका वाढवू, मुदत वाढवून देतो, आणि माणूस खुश. पण 9 टक्क्यांनी एक लाखाचं पहिल्या महिन्याचं व्याजच 750 होतं, म्हणजे 775 मधले जेमतेम 25 मुद्दलात जातात, आणि 20 वर्षांचं कर्ज फिटायला 38 वर्षं लागतात! बऱ्याच बँका एवढी मुदत देणारच नाहीत, मग हप्ता वाढतोच.

किमतींचं म्हणाल तर दर वाढले की लगेच पडतात असं नाही. त्याच हप्त्यात आता जवळपास 14 टक्के कमी कर्ज मिळतं त्यामुळे गिऱ्हाईक मागे हटतं, पण विकणारा हट्टाला पेटतो, कमी भावात विकायचंच नाही म्हणून बसून राहतो, त्यामुळे आधी व्यवहार कमी होतात, भाव नंतर हलले तर हलतात. अमेरिकेत हे नीट दिसलं. 2021 च्या सुरुवातीला तिथे 30 वर्षांच्या फिक्स्ड कर्जाचा दर 3 टक्क्यांच्या खाली होता, ऑक्टोबर 2023 मध्ये तो 8 च्या जवळ गेला. आता ज्याच्याकडे 3 टक्क्यांचं कर्ज आहे तो ते सोडून 8 चं कशाला घेईल, त्यामुळे जुनी घरं विकायलाच आली नाहीत आणि दर एवढे चढूनही किमती कोसळल्या नाहीत. वर सिमेंट, स्टील, मजुरी महागली की नवीन घर बांधायचा खर्चही वाढतो, म्हणून बिल्डर एका मर्यादेखाली उतरत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या घराचं. समजा घर 100 चं, 20 तुमचे, 80 कर्ज. 9 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 7.20, आणि भाडं आलं 3. म्हणजे 4.20 दरवर्षी खिशातून, मुद्दल, मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामे महिने वेगळेच. किंमत वर्षाला 4 टक्क्यांनी वाढली तरी तुम्ही तोट्यातच. आणि भाव 10 टक्क्यांनी उतरला तर तुमच्या 20 मधले निम्मे गेले, बँकेचे 80 मात्र तसेच.

दर आजच्यापेक्षा 2 टक्क्यांनी जास्त धरून आणि भाडं शून्य धरून एकदा हिशोब मांडा. तरी हप्ता निघत असेल तर घ्या, भाड्याच्या भरवशावर असाल तर मी तरी थांबेन.