कुंडीतली लाल माती दगडासारखी होते, काय करावं?

नर्सरीतून आणलेली लाल माती दोन महिन्यांत दगड होते, खत घालूनही मिरची पिवळी पडते, असं तुम्ही लिहिलंय. ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर माझीही हीच रड होती. एकदा मेलेली मिरची उपटली, तर भाताची मूद पाडावी तसा कुंडीच्या आकाराचा अख्खा गोळा हातात आला. कडेने ओला, फोडला तर आत कोरडा ठणठणीत. म्हणजे रोजचं तांब्याभर पाणी कडेच्या फटीतून सरळ ताटलीत जात होतं, आणि त्याबरोबर विकतचं खतही.

आपल्याकडची लाल माती चिकण असते, तिच्यात कुजलेला पाला जवळजवळ नसतो. त्यामुळे ती वाळली की आक्रसते आणि कुंडीची कड सोडते. तिला खताआधी पाला हवा, आणि तो फुकट मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, गोण्या भरून देतात. वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची पानं बारीक, ती लवकर कुजतात. बदाम आणि आंब्याची जाड पानं मात्र गोणीतच पायाने चुरून घ्या, नाहीतर वर्षभर तशीच राहतात. (येऊरच्या जंगलातून माती किंवा पाला आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे.)

जुनी बादली घ्या, तळाला आणि बाजूला भोकं पाडा. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा एक वाटी टाकला की वर दोन-तीन वाट्या चुरलेला पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडा. वास आला तर पाणी जास्त झालंय, अजून पाला घाला आणि ढवळा. माझ्या बादलीत पहिल्या पावसात जाड करड्या अळ्या झाल्या आणि सासूबाईंनी बादली जिन्यात नेऊन ठेवली. त्या अळ्या निरुपद्रवी असतात, कचरा भराभर खातात. पण हे सासूबाईंना पटवणं वेगळं काम. अडीच-तीन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला की खत तयार.

मग एक घमेलं जुनी माती फोडून, एक घमेलं हे खत, एक घमेलं अर्धवट कुजलेला पाला आणि दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करून कुंड्या भरा. जुनी माती फेकू नका.

जीवामृताबद्दलही, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताबद्दलही विचारलंय. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या मापाने 10 लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी 100 ग्रॅम, मूठभर माती. पण ते देशी गायीचं शेण सांगतात, आणि आपल्या तबेल्यांत बहुतेक म्हशी. शिवाय बाल्कनीत त्याचा वास शेजारी सहन करत नाहीत. मी नाद सोडला, काही बिघडलं नाही.

जुलैत मात्र कुंडीची माती कधी उघडी ठेवू नका. पावसाचा मारा वरचा थर घट्ट करतो आणि खत धुऊन नेतो. दोन बोटं पाल्याचं आच्छादन ठेवा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. पाला दर महिन्याला बसतो, परत घालायचा.

माती जमली का हे बघायला ओल्या मातीचा मुठीत लाडू वळा आणि बोटाने टोचा. लगेच फुटला तर ठीक. नुसती खळी पडली तर अजून एक घमेलं पाला.