टीव्ही घ्यायचाय? आधी खुर्ची कुठे आहे ते सांगा

मागच्या अंकात संपादकांनी टीव्ही खरेदीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बहुतेकांनी मॉडेलचा नंबर अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत कळवलाय, पण टीव्ही ज्या खोलीत लागणार तिच्याबद्दल अवाक्षर नाही. मी २८ वर्षं टीव्ही दुरुस्त करतो, विकत नाही. माझ्या टेबलावर टीव्ही येतो तो पालथा आणि उघडा. त्यामुळे माझी उत्तरं दुकानातल्यासारखी वाटणार नाहीत. आधी पत्रातला प्रश्न, त्याखाली माझं उत्तर.

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफा आणि समोरची भिंत यांत आठ फूट अंतर आहे. मुलगा म्हणतो ६५ इंची घेऊ, हिचं म्हणणं ४३ पुरे. मी मधला ५५ धरून बसलोय. कोण बरोबर?

अंतर मोजून कळवणारे तुम्ही एकटेच, म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं. इंचाचं माप म्हणजे पडद्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. ५५ इंची पडदा तिरका १४० सेंटिमीटर भरतो, पण रुंदीला १२२ आणि उंचीला जेमतेम ६९. बसायचं अंतर या तिरक्या मापाच्या सव्वापट ते दीडपट असलं की सिनेमा बघायला मजा येते. बातम्या आणि मालिकांना त्याहून थोडं लांब चालतं. तुमचे आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर. तिथून ६५ इंची दीडपट अंतरावर येतो, ५५ पावणेदोनपट आणि ४३ सव्वादोनपट. घरात सिनेमे चालत असतील तर मुलाचं ऐका, नाहीतर तुमचं ठीक आहे. वहिनींचा ४३ मात्र नको, बारीक अक्षरं वाचायला उठून पुढे जावं लागेल.

पण हे सगळं कागदावरचं झालं, तेव्हा ते खरंच कागदावर करा. जुनी वर्तमानपत्रं जोडून १२२ बाय ६९ आणि १४४ बाय ८१ असे दोन तुकडे कापा आणि एकेक करून दोन-दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी घरातल्यांचं मत बदललेलं मी पुष्कळदा पाहिलंय, दोन्ही बाजूंनी.

कागद लावतानाच उंचीही ठरवून टाका. आमच्या घरचा पहिला सपाट टीव्ही मी खिडकीच्या वरच्या चौकटीच्या रेषेत टांगला होता. दिसायला रुबाबदार, पण महिन्याभरात सगळ्यांच्या माना धरल्या. शेवटी तो दीड फूट खाली घेतला. बुजवलेली चार भोकं रंगाखालून अजून कळतात आणि बायको ती पाहुण्यांना दाखवते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतात. पडद्याचा मध्य तिथेच कुठेतरी आला पाहिजे. भिंतीवर न लावता टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर आधी विचारा. हल्ली पाय अगदी दोन टोकांना असतात आणि टेबल वीतभर तोकडं पडतं.

विक्रेता म्हणाला, “ओएलईडी आणि क्यूएलईडी जवळपास एकच, फक्त अक्षर वेगळं.” खरं आहे का? आमच्याकडे वडील दिवसभर बातम्यांचा चॅनल लावून बसतात आणि खोलीला मोठ्या खिडक्या आहेत.

इंग्रजी ‘ओ’ला शेपूट जोडलं की ‘क्यू’ होतो. साम्य तेवढंच.

क्यूएलईडी हा मुळात एलसीडीच. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्या मागे दिवे असतात आणि पुढचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, झडपांसारखे तो उजेड अडवतात किंवा सोडतात. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो विकतात तोही हाच, त्यातले एलईडी फक्त मागच्या दिव्यांत. पूर्वी त्या जागी पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइट असायच्या. क्यूएलईडीत या दिव्यांच्या पुढे क्वांटम डॉटचा थर असतो. हे कण काही नॅनोमीटरचे, आणि त्यांच्यामुळे लाल-हिरवा रंग जास्त शुद्ध निघतो. या कणांच्या शोधाला २०२३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याच बिरादरीतल्या कुणाला मिळाल्यासारखं मला उगाचच वाटलं होतं. पण झडप कितीही घट्ट लावा, उजेड थोडा झिरपतोच. म्हणून एलसीडीवरची रात्र राखाडी दिसते.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे बंद. अंधाऱ्या खोलीत सिनेमा संपल्यावरची नावं त्यावर बघा. पांढरी अक्षरं हवेत तरंगतात, पडद्याची कड शोधावी लागते.

मिनी-एलईडी हा मधला मार्ग. मागे शेकडो-हजारो बारीक दिवे, आणि चित्र जिथे काळं असेल तिथले तेवढे मंद करायचे. काळ्यावर पांढरं अक्षर आलं की भोवती हलकंसं वलय दिसतं, पण उजेडाच्या बाबतीत त्याचा हात धरणं अवघड.

चित्र ओएलईडीचं सरस, तरी तुम्हाला मी तो सुचवणार नाही, आणि त्याला कारण वडील. ओएलईडीचे पिक्सेल वापरानुसार झिजतात, आणि बातम्यांच्या चॅनलची खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह दिवसभर जागचं हलत नाही. माझ्याकडे असा एक टीव्ही आला होता. मालकाची तक्रार एवढीच की ‘चित्रात काहीतरी डाग आहे’. मी पूर्ण पडदा लाल करून पाहिला. खाली पट्टीची फिकट सावली, वर कोपऱ्यात चॅनलचं चिन्ह, इतकं स्पष्ट की चॅनल कोणता ते चॅनल न लावताच सांगता आलं असतं. त्यात मालकांना रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय. ओएलईडी रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची झीज तपासून सावरून घेत असतो, वीजच तोडली की ते काम राहून जातं.

तेव्हा खिडक्या आणि बातम्या धरून तुम्ही एलसीडी जातीतलाच घ्या, झेपत असेल तर मिनी-एलईडी. दुकानात समोर उभं राहून झालं की बाजूला चार पावलं सरका. एलसीडीच्या एका जातीत, व्हीए पॅनलमध्ये (पॅनल म्हणजे चित्र उमटवणारी काच), काळा चांगला असतो पण बाजूने रंग उडालेले दिसतात. आयपीएस या दुसऱ्या जातीत बाजूने ठीक दिसतं, काळा कमी पडतो. वडिलांची खुर्ची कोपऱ्यात असेल तर आयपीएस बरा.

फोर-के खरंच लागतो का? एट-केची वाट बघू का?

३२ इंचीला फुल एचडी पुरे. ५५ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरहूनही कमी, सुमारे ०.६३ मिलिमीटर रुंद असतो, आणि चांगल्या नजरेलाही तो सव्वादोन मीटरच्या पलीकडून सुटा दिसत नाही. त्याहून जवळ बसत असाल तर फोर-केच्या ८३ लाख (फुल एचडीच्या चौपट) पिक्सेलचा उपयोग आहे. मोठ्या मापांत आता बहुतेक टीव्ही फोर-केच येतात, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटतो. एट-केची वाट बघू नका.

खोक्यावरच्या एचडीआर (चित्रातला लख्ख उजेड आणि गडद काळोख दोन्ही नीट दाखवण्याची पद्धत) या शब्दाकडे मात्र संशयाने बघा. टीव्ही एचडीआर सिग्नल घेतो एवढंच तो शब्द सांगतो. तो दाखवण्याइतका उजेड पडद्यात आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि हलक्या मॉडेलांत तो नसतो.

दुकानात चित्र झकास होतं. घरी आणल्यावर माणसांचे चेहरे निळसर दिसतात आणि जुना सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. बदलून मागू का?

थांबा, टीव्ही ठीक आहे. तो अजून दुकानातच आहे असं त्याला वाटतंय. पिक्चर मोडमध्ये जा, ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळे निळ्याला सरावलेत, म्हणून. तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून बघा, तुम्हीच परत फिराल.

मालिकेसारखं दिसण्याचं कारण वेगळं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो, त्यामुळे हालचाल नको तितकी गुळगुळीत होते. हे सेटिंग प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने लपवलेलं असतं, नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द सापडतो. सामन्यांसाठी राहू दे, सिनेमाला बंद करा.

आमच्या टीव्हीचा आवाज येतो, पडदा काळा. तीनच वर्षं झाली. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? नवा घेतला तर तोही असाच जाईल का?

हे माझं रोजचं काम. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. उजेडाच्या गोलात पुसट माणसं हलताना दिसली तर पॅनल जिवंत आहे, मागचे दिवे गेलेत. हे दिवे पट्ट्यांवर एकामागोमाग एक जोडलेले असतात, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक उडाला की सगळी रांग बसते, आणि बिघाड लक्षात आल्यावर बोर्ड उरलेल्याही विझवतो. म्हणजे पन्नासातला एक दिवा मेला की टीव्ही काळा.

पट्ट्या बदलता येतात. अडचण आहे ती पॅनल उचलण्याची. पुढची काच काढून बाजूला ठेवायची, तिच्या कडेला फिल्मच्या केबल चिकटलेल्या, आणि ५५ इंचीला दोन माणसं लागतात. मदतनीसाला शिंक आली म्हणून हातातली काच तडकलेली मी पाहिली आहे. ती भरपाई माझ्या खिशातून गेली, दुसऱ्या कुणाच्या कशाला जाईल? म्हणून कारागीर काच उचलण्याआधी ‘तडकली तर’चं बोलून घेतो, त्यावर रागावू नका. दिव्यांचा प्रश्न असेल तर दुरुस्त करा. पडदाच फुटला असेल तर विषय संपला. टीव्हीत पॅनलच सगळ्यात महाग, बदलायला निघालात तर नवाच स्वस्त वाटतो.

नवा घ्याल तेव्हा बॅकलाइट शंभरावर ठेवू नका. दिवे उष्णतेने मरतात. रात्री ४० ते ५० वर ठेवला तरी तक्रार करायला जागा राहत नाही. लक्षात ठेवा, पुष्कळ टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे नुसता काळ्याचा गडदपणा, दिव्यांचा उजेड ‘बॅकलाइट’ या नावाखाली असतो. आणि घेण्याआधी या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळतील ते विचारा. विक्रेता गोंधळेल, तरी विचारा.

स्मार्ट टीव्हीतलं सॉफ्टवेअर किती वर्षं टिकतं?

पडद्यापेक्षा कमी. अॅप नवी होत जातात, टीव्हीची चिप तीच राहते, मग एकेक अॅप रडू लागतं. तेव्हा मागे एक स्ट्रीमिंगची काडी लावायची की टीव्ही पुन्हा चालता होतो. म्हणून मेनू किती देखणा आहे यावर टीव्ही निवडू नका. एचडीएमआयची, म्हणजे ही काडी किंवा सेट-टॉप बॉक्स जोडायची, भोकं मोजा, तीन तरी हवीत.

आईला पात्रांचं बोलणं कळत नाही, आवाज वाढवला की संगीत अंगावर येतं. मोठ्या कंपनीचा टीव्ही घेतला तर फरक पडेल?

नाही. टीव्ही जितका सडपातळ, स्पीकर तितका बिचारा. तो बहुधा खाली तोंड करून बसवलेला असतो, आवाज आधी टेबलावर आदळतो आणि मग आईकडे येतो. टीव्ही एक माप लहान घ्या आणि वाचलेल्या पैशांत साउंडबार घ्या, शक्यतो बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला. जोडताना ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआयलाच जोडा, म्हणजे आईला एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त करता येईल. दोन रिमोट झाले की साउंडबार कपाटात जातो. त्याआधी आजच सेटिंगमध्ये आवाजाचा मोड ‘डायलॉग’ किंवा ‘स्पीच’ करून बघा, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

पडदा कशाने पुसावा?

कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, टीव्ही बंद आणि गार असताना. डाग हटत नसेल तर कापड किंचित ओलं करा, पण पडद्यावर थेट काही फवारू नका. थेंब ओघळत खालच्या कडेला जातो आणि चौकटीच्या आत शिरतो. बऱ्याच टीव्हींत पॅनलच्या जोडण्या तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी पडद्यावर उभी रेघ येते. मग माझ्याकडे फोन येतो, आणि त्यात “आम्ही काहीच केलं नाही” हे वाक्य असतंच. मी फक्त विचारतो, काल साफसफाई काढली होती का?