बायनरी सर्च ट्रीमधलं बहुलक: तुझ्या कोडबद्दल थोडं

अनेक आशीर्वाद.

तुझा कोड वाचला. झाडात सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या किमती, म्हणजे बहुलक, तू डिक्शनरीत (प्रत्येक किमतीपुढे तिची संख्या ठेवणाऱ्या तक्त्यात) मोजून काढल्यास. उत्तर बरोबर आहे. पण हाच कोड कुठल्याही साध्या बायनरी ट्रीवर (प्रत्येक गाठीखाली जास्तीत जास्त दोन फांद्या असलेल्या झाडावर) जसाच्या तसा चालेल, आणि मला तेच खटकलं. बायनरी सर्च ट्रीमध्ये डावीकडे लहान किंवा समान, उजवीकडे मोठं किंवा समान, एवढी माहिती हातात असून ती वापरलीच गेली नाही.

एक झाड कागदावर काढ. मुळाशी ५, त्याच्या डावीकडे ३, उजवीकडे ७. त्या ३ च्या खाली ३ आणि ५. ७ च्या खाली ५ आणि ७. इथे ५ तीनदा आहे, पण मुळातल्या ५ च्या लगेच खाली एकही ५ नाही. म्हणून वरच्या नोडची (गाठीची) खालच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही, बरेच जण तिथेच अडकतात. आता इनऑर्डर फिर, म्हणजे आधी डावा भाग, मग नोड, मग उजवा भाग: ३, ३, ५, ५, ५, ७, ७. विखुरलेले तिन्ही ५ शेजारी आले! मग आधीची किंमत, चालू मोजणी (सध्याची किंमत सलग किती वेळा आली), आतापर्यंतची सर्वाधिक मोजणी आणि उत्तरांची यादी, एवढं जवळ ठेवलं की झालं.

चालू मोजणी सर्वाधिक मोजणीइतकी झाली तर किंमत यादीत जोड. तिच्यापुढे गेली तर यादी आधी रिकामी कर. दुसऱ्या ५ ला यादीत ३ आणि ५ असतात, तिसऱ्याला फक्त ५ उरायला हवा. रिकामी करायची राहिली की ३ उत्तरात तसाच राहतो. ही तपासणी प्रत्येक नोडवर कर, म्हणजे शेवटच्या गटासाठी वेगळा कोड लागत नाही.

ही फेरी रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावून केली, तर स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कामांची रास) झाडाच्या उंचीइतका वाढतो. एकाच बाजूला वाढलेलं १०,००० नोडचं झाड आलं तर पायथॉनची मूळची १००० ची मर्यादा पुरणार नाही; तिथे स्वतःचा स्टॅक ठेवून लूप लिही. तोही नको असेल तर जोसेफ मॉरिस यांची १९७९ ची पद्धत आहे: डाव्या भागातल्या सर्वांत उजव्या नोडचा रिकामा पॉइंटर (दुसऱ्या नोडकडे नेणारा दुवा) तात्पुरता चालू नोडकडे वळवायचा, काम झालं की पूर्ववत करायचा. मला ती फार सुंदर वाटते. मात्र फेरी अर्धवट सोडलीस तर झाड बिघडलेलं राहतं, त्यामुळे मुलाखतीत आधी स्टॅकवालीच लिही.

तपासताना एका नोडचं झाड घे, सगळ्या किमती सारख्या असलेलं घे आणि सगळ्या वेगळ्या असलेलंही. या शेवटच्या झाडात प्रत्येक किंमत उत्तरात आली पाहिजे. लूपवाला कोड झाला की पाठव, मी वाट बघतोय.