सॉलिटॉन पसरतोय? आधी टी-नॉट बघा

फायबरमधल्या सॉलिटॉनच्या (न पसरता पुढे जाणाऱ्या प्रकाश-पल्सच्या) सिम्युलेशनसाठी तुम्ही काढलेली पीक पॉवर, 0.17 वॅट, वाचली आणि हसूच आलं, रागावू नका, माझ्या जुन्या वहीत हाच आकडा तीनदा अधोरेखित केलेला आहे. 10 पिकोसेकंदांचा पल्स, साधा सिंगल मोड फायबर, 1550 नॅनोमीटर, लॉस शून्य धरलाय, तरी पल्स पसरतोय म्हणून तुम्ही सिम्युलेशनची स्टेप साइज बारीक करत बसलात. कोडला हात लावू नका.

ते 10 म्हणजे निम्म्या उंचीवरची रुंदी. पीक पॉवरच्या सूत्रात (बीटा-टू भागिले गॅमा गुणिले टी-नॉटचा वर्ग, चिन्ह सोडून) जातो टी-नॉट, म्हणजे हायपरबोलिक सेकंट पल्सला (सॉलिटॉनचा आकार हाच) रुंदी भागिले 1.763, इथे 5.67 पिकोसेकंद. बीटा-टू (फायबरचं डिस्पर्शन, पल्स पसरवणारं) उणे 21.7 ps²/km आणि गॅमा (फायबरची नॉनलिनिअ‍ॅरिटी) 1.3 प्रति वॅट-किमी धरला तर पीक पॉवर 0.52 वॅट लागते, टी-नॉटचा वर्ग छेदात असल्याने चूक सरळ तिप्पट होते. 1834 मध्ये स्कॉट रसेलने कालव्यात न विरणारी लाट पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला, ही सॉलिटॉनची जन्मकथा सगळे रंगवून सांगतात, हा 1.763 मात्र कोणी सांगत नाही!

मी हीच चूक लॅबमध्ये केली. चार महिने. कनेक्टर पुसले, स्प्लाइस परत केले, फायबरच खराब म्हणून दुसरा स्पूल मागवला. लेसरच्या कागदावर नुसतं 'पल्स विड्थ 10', आता कुठली विड्थ ते विचारायला विक्रेत्याच्या सर्व्हिस ऑफिसला तीन मेल टाकले, तिन्ही वेळा तेच रंगीत ब्रोशर आलं. आणि इकडे ऑटोकोरिलेटरवर (पल्सची रुंदी मोजायचं यंत्र) 15.4 पिकोसेकंदांचा ट्रेस रोज दिसत होता, या आकाराच्या पल्सला तो 1.54 ने भागला की 10, म्हणजे निम्म्या उंचीचीच रुंदी. उत्तर टेबलावर आणि मी मेलची वाट बघतोय.

जाता जाता, लॅबमध्ये गेलात तर पॉवर मीटर सरासरी दाखवतो, पीक नाही. सेकंदाला 10 अब्ज पल्स (10 गिगाहर्ट्झ) असतील तर 0.52 वॅटचं पीक म्हणजे सरासरी जेमतेम 59 मिलीवॅट.

करिअरचं विचारलंत म्हणून, हे माझं मत हं, लिंकवाले झोडतील: लांब पल्ल्याच्या फायबर लिंकसाठी (डेटा पाठवण्यासाठी) सॉलिटॉनच्या मागे लागू नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉइजने पल्स पुढेमागे सरकतात (गॉर्डन-हाउस जिटर, 1986), आणि पुढे कोहेरंट रिसीव्हर (प्रकाशाची फेजही वाचणारे) आणि डीएसपीने (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) मैदान मारलं. फायबर लेसर, मायक्रोकोंब (चिपवरच्या सूक्ष्म रेझोनेटरमधून निघणाऱ्या समान अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी) इकडे मात्र सॉलिटॉन जोरात आहे.

असो. सिम्युलेशनमध्ये 0.52 वॅट टाकून 20-25 किलोमीटर चालवा, म्हणजे दहाएक सॉलिटॉन पिरियड (सॉलिटॉनचं ठराविक अंतर, इथे सुमारे 2.3 किलोमीटर) होतील. तरी पसरला तर इनपुट पल्स सेकंटऐवजी चुकून गॉसियन आकाराचा दिलाय का आणि बीटा-टूचं चिन्ह ऋण आहे का ते बघा, नाहीतर कोडची ती ओळ इथे टाका.