पगार विचारायला लाजू नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याबरोबर एकाच दिवशी रुजू झालेल्या मुलाला तुझ्यापेक्षा जास्त पगार आहे, हे जेवणाच्या सुट्टीत कानावर आलं आणि तू महिनाभर गप्प बसलीस. 'विचारलं तर कृतघ्न म्हणतील का, मावशी?' हे तुझं वाक्य जिव्हारी लागलं. न्यू जर्सीतली माझी पहिली आठ वर्षं याच भीतीत गेली.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपलं बाळकडू. ते वाईट नाही. पण जिथे नोकरी करतेस तिथली रीत आधी समजून घे. मोंटाना सोडलं तर अमेरिकेत सगळीकडे 'अ‍ॅट विल' नोकरी चालते. मालक तुला कधीही, कारण न सांगता काढू शकतो. वंश, धर्म, स्त्री असणं अशा कारणांवरून मात्र काढता येत नाही.

माझी नोकरी 2009 मध्ये गेली. मंगळवारी सकाळी दारावर कार्ड लावलं, तर लाल दिवा लागला. वाटलं, कार्ड खराब झालं असेल. ओढणीला पुसून पुन्हा लावलं. रोज हसून बोलणारा पहारेकरी हातातल्या यादीतून मान वर काढेना. माझ्या पिशवीतला डबा अजून कोमट होता. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की तेव्हा एका दिवसाचीही हक्काची मुदत नव्हती. आता 2017 पासून जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या.

त्याच सकाळी शेजारच्या टेबलावरची ओहायोची बाईही बाहेर पडली, 22 वर्षांच्या नोकरीनंतर. तिला व्हिसाची चिंता नव्हती. पार्किंगमध्ये खोकं गाडीच्या टपावर ठेवून ती एवढंच म्हणाली, "आता नवऱ्याच्या इन्सुलिनचं काय करू?" आरोग्यविमा नोकरीला बांधलेला. 'कोब्रा' कायद्याखाली तो साधारण 18 महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. पगार बंद झालेल्या घरानं तो हप्ता आणायचा कुठून? इथली माणसं न पटणारी नोकरीही का धरून ठेवतात, ते मला त्या दिवशी कळलं. फेडरल रिझर्व्ह या इथल्या मध्यवर्ती बँकेच्या 2023 च्या पाहणीत, अचानक आलेला 400 डॉलरचा खर्च रोख पैशांतून किंवा तशाच सोयीनं भागवू, असं 63 टक्के प्रौढांनीच सांगितलं. उरलेल्यांत तुझ्या इमारतीत फरशी पुसणारी बाई असेल, तशी तुझ्या टीममधली एखादीही असेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लिली लेडबेटर हे नाव लक्षात ठेव. अलाबामातल्या गॅड्सडेनच्या गुडइयर टायर कारखान्यात ती 19 वर्षं सुपरवायझर होती. 1998 च्या सुमाराला कुणीतरी तिच्या नावानं निनावी चिठ्ठी ठेवली, त्यात बरोबरीच्या पुरुषांचे पगार लिहिलेले. तिला महिन्याला 3,727 डॉलर मिळत होते आणि त्या पुरुषांतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला 4,286. ती कोर्टात गेली. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तक्रारीला उशीर झाला, 180 दिवसांची मुदत संपली. जे तिला माहीतच नव्हतं त्याची तक्रार तिनं कशी करायची होती? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत भर कोर्टात वाचून दाखवलं. 2009 मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला आणि प्रत्येक भेदभावाच्या पगारागणिक मुदत नव्यानं मोजली जाऊ लागली. लिलीच्या हाती मात्र एक पैसाही आला नाही.

म्हणून म्हणते, चिठ्ठीची वाट बघू नकोस. तुझ्या मॅनेजरनं 'पगाराविषयी आपापसात बोलू नका' असं बजावलं असलं, तरी 1935 च्या श्रमसंबंध कायद्यानं खाजगी कंपनीतल्या साध्या कर्मचाऱ्याला तो हक्क दिला आहे. (तू स्वतः मॅनेजर झालीस की हा कायदा तुला लागू राहत नाही.)

आधी त्या मुलालाच सरळ विचार. कदाचित त्याचा अनुभव जास्त असेल, कदाचित त्यानं सुरुवातीलाच घासाघीस केली असेल आणि तू पहिला आकडा ऐकून 'हो' म्हणाली असशील. मीही तेच केलं होतं. मग तुझ्या व्हिसाच्या कागदांतला 'एलसीए' काढ, म्हणजे तुझ्या पगाराविषयी आणि कामाच्या अटींविषयी कंपनीनं सरकारच्या श्रम खात्याकडे केलेला अर्ज. त्याची प्रत तुला देणं कंपनीला भाग आहे. तुझ्यासारखंच शिक्षण, अनुभव आणि काम असलेल्या माणसाला कंपनी जे देते, किंवा त्या भागातला प्रचलित दर, यांत जे जास्त असेल त्याहून कमी पगार तुला देता येत नाही. तो आकडा समोर ठेवून मॅनेजरशी बोल आणि बोलणं झालं की त्याच दिवशी त्याला ईमेलनं कळव. तारीख राहते. तुझ्या कामाचं कौतुक करणारी पत्रं आणि पगाराच्या स्लिपा घरच्या फाइलमध्ये ठेव. ऑफिसचा लॅपटॉप एका सकाळी बंद होतो.

आणि गाडी घ्यायची घाई करू नकोस. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे.

एलसीएची प्रत घेऊन रविवारी ये, आपण बसून वाचू. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या मुलाशी बोल आणि संध्याकाळी मला फोन कर. मी सातनंतर घरीच असते.

तुझी,
मावशी