पाळणे रिकामे, दोष गांजाचा?

प्रश्न : आम्ही गेली बावीस वर्षे टोरोंटोजवळ राहतो. मुलाच्या लग्नाला चार वर्षे झाली. दोन वर्षांपासून त्यांना मूल हवे आहे, पण सुनेला दिवस राहत नाहीत. मुलगा आठवड्यातून तीन-चारदा गांजा ओढतो. त्याचे वडील म्हणतात, गांजा कायदेशीर केला आणि या देशातले पाळणे रिकामे झाले. मुलगा हार्वर्डच्या अभ्यासाचा दाखला देतो, की गांजा ओढणाऱ्यांचे शुक्राणू उलट जास्त असतात. जेवताना हा वाद निघाला, की सून अर्धे ताट तसेच ठेवून उठते. खरे कोणाचे मानावे?
– एक आई, ओंटारिओ

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर ते अर्धे ताट डोळ्यांपुढून हलेना. बापलेक ज्यावर भांडत आहेत ते दोन वेगळे प्रश्न आहेत. देशाचा जननदर म्हणजे स्त्रियांना सरासरी किती मुले होतात याचा हिशेब. एखाद्या जोडप्याला मूल होऊ शकते की नाही, हा शरीराचा प्रश्न.

जननदराबाबत आपल्या यजमानांचे म्हणणे टिकत नाही. कॅनडात गांजा 17 ऑक्टोबर 2018 रोजी कायदेशीर झाला. पण लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या 2.1 या पातळीखाली तिथला दर 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेला होता आणि 2009नंतर तो पुन्हा उतरणीला लागला होता. 2023मध्ये तो 1.26 होता. त्याच वर्षी दक्षिण कोरियाचा दर 0.72 होता, आणि तो देश तर परदेशात जाऊन गांजा ओढलेल्या आपल्या नागरिकालाही शिक्षा करतो. तिथले तरुण सोलमधील घरांच्या किमती, मुलांच्या खासगी शिकवण्यांचा खर्च आणि नोकरी करणाऱ्या बाईवरच पडणारा घरचा भार यांबद्दल बोलतात. आपल्या महाराष्ट्राचा दरही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 होता; त्याचा गांजाशी संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

मुलाने सांगितलेला अभ्यास खरा आहे, त्याने काढलेला निष्कर्ष मात्र त्यात नाही. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बोस्टनच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात आलेल्या 662 पुरुषांची तपासणी होती. आयुष्यात कधीतरी गांजा ओढलेल्यांमध्ये शुक्राणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे 6.3 कोटी, तर कधीच न ओढलेल्यांमध्ये सुमारे 4.5 कोटी आढळले. संशोधकांनी नेमके उलटे अपेक्षिले होते, त्यामुळे तेही चकित झाले आणि त्यांनी स्वतःच एक शक्यता मांडली : ज्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मुळातच अधिक असते ते धाडसाकडे, म्हणजे गांजाकडेही, अधिक वळत असतील. तसे असेल तर गांजाने शुक्राणू वाढवले असे म्हणता येत नाही. शिवाय "कधीतरी ओढला" या एका रकान्यात कॉलेजात दोनचार झुरके मारून सोडून दिलेला माणूस आणि आपला मुलगा शेजारी शेजारी बसतात.

त्याच्या सवयीशी अधिक जुळणारा अभ्यास डेन्मार्कचा आहे. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 18 ते 28 वयाचे 1,215 तरुण होते, आणि आठवड्यातून एकदाहून अधिक गांजा ओढणाऱ्यांमध्ये शुक्राणूंचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी दिसले. इथेही सावध राहावे लागते, कारण अशा तरुणांचे एकूण राहणीमानच वेगळे असू शकते. 2018मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या पाहणीत गांजा घेणारे आणि न घेणारे यांच्यात गर्भधारणेच्या शक्यतेत एकंदर फरक आढळला नाही. उलट, पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या 2021मधील अमेरिकी अभ्यासात, गांजा घेणाऱ्यांची दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता सुमारे 41 टक्क्यांनी कमी निघाली. मात्र त्यात गांजा घेणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या.

एवढ्यावरून गांजामुळेच मूल होत नाही असे मी म्हणणार नाही. तरीही मुलाने तो आता बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून निदान तीन महिने पूर्ण सोडल्याशिवाय काही फरक पडला का हे कळणारच नाही. सूनही घेत असेल तर तिनेही थांबवावे. गरोदरपणात गांजा घेतल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते, हा इशारा तिथल्या पाकिटांवरच्या पिवळ्या चौकटीतही छापलेला असतो.

मात्र गांजा सुटेपर्यंत तपासणी लांबवू नये. स्त्रीचे वय 35च्या आत असेल तर एक वर्ष आणि त्यापुढे असेल तर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावे, असा प्रघात आहे. आपल्याकडे दोन वर्षे उलटली आहेत. दोघांनी बरोबरच जावे आणि मुलाची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, कारण ती सोपी असते आणि सुनेच्या वाट्याच्या कित्येक त्रासदायक चाचण्या या तपासणीमुळे टळू शकतात. फॉर्मवर गांजाबद्दल विचारले असेल तिथे त्याने आठवड्याचा खरा आकडा लिहावा. कॅनडात त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि त्या आकड्यावरूनच पुढची तपासणी केव्हा करायची हे डॉक्टर ठरवतील.